इंजिन उघडलं तेव्हा

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझं नाव ऐकून आज कवितेविषयी काहीतरी कानावर पडेल, अशी तुमची अपेक्षा असेल. तसं होणार नाही. खेळण्यातल्या आगगाडीच्या एका जुन्या इंजिनाची मोटर मी नुकतीच बदलली, त्याविषयी मी बोलणार आहे. इंजिन वीतभरसुद्धा नाही. काळं, सहा चाकांचं, बाजूला ४७६०६ असा आकडा. मोटर बदलायला मला तीन महिने लागले. खरं तर पंचेचाळीस वर्षं लागली, पण ते पुढे येईलच.

माझं बालपण कुर्डुवाडीचं. मुंबई-मद्रास हमरस्त्यावरचं हे जंक्शन. तिथे मोठ्या रेल्वेला बार्शी लाइटची छोटी रेल्वे येऊन मिळायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली ही छोटी लाइन सुरू केली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १९५४ साली ती सरकारने ताब्यात घेतली, आणि २००० नंतरच्या दशकात तिचे रूळ रुंद होऊन ती मोठ्या रेल्वेत विरून गेली. या लाइनचा वर्कशॉप कुर्डुवाडीत. माझे अब्बा तिथे फिटर होते. वर्कशॉपचा भोंगा झाला की गावातली घड्याळं लागायची, आणि अब्बा घरी आले की तेल आणि कोळशाचा वास आधी घरात यायचा.

माझे मामू जहाजावर खलाशी होते. १९७७ साली ते विलायतेहून आले तेव्हा टिलबरी बंदराजवळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून त्यांनी एक खोका आणला होता. त्यात हे इंजिन, मालगाडीचे दोन डबे आणि गोल वर्तुळ होईल एवढे रूळ होते. मी नऊ वर्षांचा, धाकटा भाऊ सहा वर्षांचा. आमच्या आळीत असं खेळणं कुणी पाहिलेलं नव्हतं.

इंजिन ट्राय-अँग कंपनीचं. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर मार्गेट नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात बनलेलं. ज्या खऱ्या इंजिनाची ही प्रतिकृती, त्याला इंग्रज लोक लाडाने 'जिंटी' म्हणत. यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं, कष्टाळू टँक इंजिन. १९२४ ते १९३१ या काळात अशी चारशेबावीस इंजिनं बांधली गेली. यार्डातलं हे हमाल इंजिन अब्बांना लगेच आवडलं. ते म्हणाले, "ये अपनेवालों में का है."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्कशॉपमधून कॅलिपर आणला आणि रूळ मोजले. साडेसोळा मिलिमीटर. मग इंजिनाची उंची, रुंदी मोजली. कागदावर थोडा हिशेब केला आणि म्हणाले की रूळ अरुंद आहेत, या अंगाच्या इंजिनाला जवळजवळ एकोणीस मिलिमीटर हवेत. आम्हाला वाटलं, छोट्या लाइनवर जन्म घालवलेल्या माणसाला सगळीकडे छोटी लाइनच दिसते. पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की अब्बांचा हिशेब बिनचूक होता. या मापाच्या खेळण्यात एका फुटाला चार मिलिमीटर धरतात. त्या हिशेबाने इंग्लंडच्या रुळांचं अंतर १८.८३ मिलिमीटर यायला हवं. पण साडेसोळाचे रूळ आधीपासून प्रचारात होते, ते साडेतीन मिलिमीटरच्या मापाला जुळणारे. इंग्लंडची इंजिनं युरोप-अमेरिकेतल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. त्या लहान मापात बनवलं तर त्या काळची मोटर आत मावेना. म्हणून रूळ तेच ठेवले आणि इंजिनाचं अंग तेवढं मोठं केलं. मोटरला जागा हवी म्हणून सगळ्या देशाच्या खेळण्यांचं माप बदललं, आणि आजही ते तसंच आहे.

हे इंजिन बारा व्होल्टवर चालतं. मामूंनी ट्रान्सफॉर्मर आणला नव्हता. अब्बांनी लाकडाची एक पेटी केली. तिच्यात बॅटरीचे आठ मोठे सेल एकापाठोपाठ बसायचे. एका सेलचे दीड व्होल्ट, आठांचे बारा. पेटीवर पितळी खिळे ठोकले होते. चार सेलच्या खिळ्याला तार लावली की गाडी हळू, सहाला मध्यम, आठाला जोरात. तारा उलट्या लावल्या की गाडी मागे. सेल महाग, त्यामुळे गाडी फक्त रविवारी, आणि ईदला. पंधरा मिनिटं.

ती पंधरा मिनिटं आमच्या घरातला रेडिओ खरखरायचा. मोटरमध्ये फिरणाऱ्या तांब्याला कोळशाचे दोन छोटे तुकडे टेकलेले असतात, त्यांना ब्रश म्हणतात. तिथे बारीक ठिणग्या उडतात आणि त्या रेडिओला ऐकू येतात. अम्मा सांगली केंद्र लावून बसलेली असायची. ती म्हणायची, "तुम्हारी गाडी मेरे कान में से जाती है." आज मी रेडिओवरून बोलतो आहे म्हणून हे मुद्दाम सांगितलं. आमच्या गाडीने त्या काळी रेडिओला बराच त्रास दिलेला आहे.

अब्बांचा एकच नियम होता. इंजिन हाताने ढकलायचं नाही. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असलेला एक पितळी तुकडा बसवलेला असतो, त्याला वर्म म्हणतात. तो आसावरचं दातेरी चाक फिरवतो. वर्म चाकाला फिरवू शकतो, पण चाक वर्मला फिरवू शकत नाही. त्यामुळे इंजिन जमिनीवर घासत ढकललं की चाकं फिरत नाहीत, दाते झिजतात. "ढकलू नका," हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हटलं असतं.

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जी मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

१९८० सालची गोष्ट. मी बारा वर्षांचा होतो. एसटी स्टँडजवळ बॅटऱ्या चार्ज करून देणारं एक दुकान होतं. ट्रकच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडून ठेवलेल्या असायच्या. आठ सेलवर एवढी पळते, तर ट्रकच्या बॅटरीवर किती पळेल, हा विचार माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होता. एका दुपारी मी इंजिन आणि रुळाचा एक तुकडा पिशवीत घालून तिथे गेलो. दुकानदार चहाला गेला होता. मी चिमटे रुळाला लावले. दोन बॅटऱ्या म्हणजे चोवीस व्होल्ट, हे मला ठाऊक नव्हतं. इंजिन उडी मारल्यासारखं निघालं. रूळ तर हातभरच. ते पडू नये म्हणून मी त्याला वरून घट्ट दाबून धरलं.

मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच विजेला थोडी अडवत असते. तिला धरून ठेवलं की ती अडवणूक संपते आणि सगळी वीज तारांवर तुटून पडते. हे मी आज सांगू शकतो. त्या दिवशी मला फक्त हाताखाली गरम लागलं, केबिनच्या खिडकीतून धूर आला, आणि एक वास आला. जळालेल्या लाखेचा वास. मी इंजिन पिशवीत टाकलं, घरी आलो, खोक्यात जसं होतं तसं ठेवून दिलं.

रविवारी धाकट्याने गाडी लावली. चालली नाही. चार सेल, सहा सेल, आठ सेल. अब्बांनी विचारलं, "हात कौन लगाया?" धाकटा आदल्या दिवशी खोका उघडून बसला होता, हे अम्माने पाहिलं होतं. तो म्हणाला, "मैंने ढकल्या नई." अब्बांना वाटलं, पोर खोटं बोलतंय. खेळणं बिघडलं यापेक्षा खोटं बोलला याचा त्यांना राग आला. त्यांनी त्याला मारलं. अब्बा मारत नसत. त्या एका वेळी मारलं. तो रात्री जेवला नाही. मी जेवलो.

खोका माळ्यावर गेला आणि त्या घरातली गाडी बंद झाली.

मी बी.ए. झालो, सोलापुरात नोकरीला लागलो, कविता लिहू लागलो. धाकटा अब्बांच्या वाटेने गेला, रेल्वेत लागला. आज तो दौंडला लोको पायलट आहे, खऱ्या गाड्या चालवतो. अब्बा १९९९ साली गेले. अब्बांवर मी कविता लिहिल्या, त्यांच्या तेलकट हातांवर लिहिल्या. संमेलनांतून म्हटल्या. खरं बोलण्यावरही लिहिलं, लोकांनी टाळ्या दिल्या. टाळ्या वाजत असताना कधी कधी लाखेचा तो वास नाकात यायचा, पण तो मी खोल श्वास घेऊन घालवायचो. कवीला ते जमतं.

गेल्या वर्षी अम्मा गेली. कुर्डुवाडीचं घर आवरताना माळ्यावरून खोका खाली आला. धाकटा तेव्हा ड्यूटीवर होता. मी खोका माझ्याकडे सोलापूरला आणला. मनात म्हटलं, हे इंजिन चालू करायचं, धाकट्याला नेऊन द्यायचं, आणि त्याच वेळी सांगून टाकायचं. म्हणजे भरलेल्या हाताने माफी मागायला जायचं. माणूस या वयातही असे हिशेब करतो.

इंजिनाचं वरचं अंग प्लॅस्टिकचं आहे, एका स्क्रूवर धरलेलं. तो सोडवला की आतला सांगाडा मोकळा होतो. मोटर 'एक्स झिरो फोर' जातीची. जुन्या इंग्लिश खेळण्यांच्या शौकिनांत ही मोटर प्रसिद्ध आहे, कारण तिच्यात लपवलेलं काहीच नाही. मागे लोहचुंबकाचा ठोकळा, दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, मध्ये फिरणारं आर्मेचर. आर्मेचरला तीन बोटं, प्रत्येक बोटावर केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. दोन ब्रश एकाच स्प्रिंगने दाबून धरलेले. त्या स्प्रिंगच्या एका पायावर विजेला अडवणारी बारीक नळी असते. ती नळी नसेल तर दोन्ही ब्रश एकमेकांना जोडले जातात आणि मोटर मुकी होते.

मी पाहिलं, तर ती नळी मूळची नव्हती. सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचा तुकडा कापून तिथे चढवलेला होता.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी पुढे गेलो.

आमच्या भागात विहिरीच्या मोटरी रिवाइंड करणारं एक दुकान आहे. तिथे पाच-साडेसात हॉर्सपॉवरच्या पाणबुडी मोटरी रांगेत पडलेल्या असतात. मी त्या कारागिरासमोर माझं आर्मेचर ठेवलं. तो हसला. म्हणाला, "कविराज, ही तर मुंगीच्या विहिरीवरची मोटर." मग डोळ्याला भिंग लावून त्याने ती फिरवून पाहिली आणि हसणं थांबवलं.

"ही आधी कुणी उघडली होती?"

"नाही."

"नाही कसं? हे बघा. दोन वेटोळी काळी पडलीत. वरची लाख जळून तारा एकमेकींना चिकटल्यात. पण हे तिसरं बघा. ही तार नवी आहे, जरा जाड आहे. हाताने वळलीय. वेढ्याला वेढा लागून बसलाय. वरून सुती दोऱ्याने बांधून लाख दिलीय. मशिनीशिवाय इतकं बारीक काम करणारा माणूस साधा नव्हता."

मीटर लावून त्याने तिन्ही वेटोळी मोजली. चांगल्या आर्मेचरमध्ये तिन्ही मापं सारखी यावी लागतात. इथे तीन मापं तीन तऱ्हेची. तो म्हणाला, "एक वळून झालं आणि त्याच्या लक्षात आलं असेल की बाकीची दोनही गेलीत. तेवढी तार मिळाली नसेल. सोडून दिलं." आणि मग सहज म्हणाला, "पण ज्याने हे उघडलं, त्याला कळलंच असणार. ही ढकलून वगैरे बिघडलेली नाही. हिला कुणीतरी जादा व्होल्टेज दिलं आणि धरून ठेवली."

श्रोतेहो, मी त्या दुकानातल्या स्टुलावर बसलो. आमच्या घरात इतकं बारीक काम करणारा एकच माणूस होता. म्हणजे अब्बांनी मोटर उघडली होती. आणि उघडली म्हणजे त्यांना कळलं होतं की धाकटा खरं बोलत होता. घरात मुलं दोनच. दुसरा कोण, हे शोधायला फिटरची गरज नव्हती. त्यानंतर एकोणीस वर्षं ते जगले. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

कारागीर म्हणाला की तिन्ही वेटोळी काढून नवीन वळून देतो. मी नको म्हटलं. त्यासाठी अब्बांचं वेटोळं कापावं लागलं असतं. ते माझ्याने होणार नव्हतं. मोटरच बदलायची असं ठरलं. परदेशात अशा जुन्या मोटरी अजून विकत मिळतात, पण मला दुसऱ्या कुणाची जुनी मोटर नको होती. नवीच हवी होती.

पहिली मोटर मी जुन्या कॉम्प्युटरच्या सीडी ड्राइव्हमधून काढली. सीडी ठेवायचा ट्रे आत-बाहेर करणारी ती बटणासारखी मोटर. बसायला सोपी, पण तिची जात पाच-सहा व्होल्टची. तिला बारा व्होल्ट दिले. भिंगरीसारखी पळाली, आणि मिनिटाभरात बोटाला चटका बसला. मी घाईने तार काढली. पंचेचाळीस वर्षांनी मी तीच चूक करायला निघालो होतो, दुप्पट व्होल्टेजची. ती मोटर बाजूला ठेवली आणि दुकानातून नीट बारा व्होल्टची, तेवढ्याच आकाराची मोटर आणली.

जुन्या दांड्यावरचा वर्म नव्या दांड्यावर न्यायचा होता. तो ठोकून काढायचा नसतो, दांडा वाकतो. एका घड्याळजीकडे छोटा पुलर होता, त्याने तो हळूच ओढून काढला. नवा दांडा दीड मिलिमीटरचा, वर्मचं भोक दोनचं. मधली फट भरायला पितळी नळीचा तुकडा घातला आणि वर्म चिकटवला. ते वाळायला रात्रभर ठेवलं.

सगळ्यात नाजूक काम वर्म आणि दातेरी चाक यांच्यातल्या अंतराचं. फार जवळ बसवलं तर चाक अडकतं, फार लांब बसवलं तर दाते घसरतात. त्याला एक सोपी युक्ती आहे. दोघांच्या मध्ये पातळ कागदाची पट्टी ठेवायची, मोटर तिच्यावर टेकवून पक्की करायची आणि पट्टी ओढून काढायची. कागदाएवढी मोकळीक राहते. तेवढीच लागते.

आणखी एक गोष्ट. जुन्या मोटरचा एक ब्रश थेट सांगाड्याला जोडलेला होता. एका बाजूच्या चाकांतून येणारी वीज सांगाड्यातून जायची, दुसऱ्या बाजूची वेगळ्या पट्टीतून. नव्या मोटरला दोन स्वतंत्र तारा. एक सांगाड्याला डाग दिला, दुसरी पट्टीला. रुळावर ठेवून वीज दिली, तर इंजिन उलटं निघालं. तारा अदलाबदल केल्या. सरळ झालं.

अब्बांची पेटी घेतली, नवे आठ सेल घातले, इंजिन खोक्यात ठेवलं. जुनी मोटर एका औषधाच्या डबीत कापसात गुंडाळली. आणि दौंडला गेलो.

धाकट्याचा नातू चार वर्षांचा आहे. आम्ही फरशीवर रूळ मांडले. मी वीज दिली. इंजिन एकटं असताना छान पळालं, पण दोन डबे जोडले तशी चाकं जागच्या जागी फिरायला लागली. धाकट्याने चष्मा कपाळावर सरकवला, एक क्षण पाहिलं आणि म्हणाला, "वजन कमी पडतंय." जुनी मोटर लोखंडाची, जड. तिचं वजन चाकांना रुळावर दाबून धरायचं. नवी हलकी. खऱ्या इंजिनाचंही तसंच असतं, ओढायची ताकद कितीही असो, चाकं रुळाला धरून राहायला अंगात वजन लागतं. भीमा जवळच, त्यामुळे दौंडात गळाला लावायचं शिसं मिळतं. त्याने मुलाला पाठवून ते मागवलं.

तेवढ्यात नातवाने इंजिन उचललं, खाली ठेवलं आणि हाताने घासत नेलं.

"ढकलू नको रे," धाकटा म्हणाला.

ते म्हणाला मात्र, आम्ही दोघंही गप्प झालो.

मग मी सांगितलं. बॅटरीचं दुकान, ट्रकच्या बॅटऱ्या, दाबून धरलेला हात, धूर. इंजिन उघडं होतं, तो शिशाचे तुकडे आत बसवत होता. त्याने मान वर केली नाही. आम्ही घरात दख्खनी बोलतो, तुमच्यासाठी मराठीत सांगतो. तो म्हणाला, "मला माहीत होतं, भाई."

त्या रविवारनंतरच्या आठवड्यात अब्बा त्याला वर्कशॉपमध्ये घेऊन गेले होते. जळालेली मोटर हातावर ठेवून त्यांनी त्याला दाखवली होती. म्हणाले, हे ढकलून होत नाही, तू खरं बोलत होतास. मग त्याला इंजिनाच्या फूटप्लेटवर उभं केलं आणि शेडपर्यंत नेलं. त्या फेरीतच त्याने ठरवलं होतं की ड्रायव्हर व्हायचं. परत येताना अब्बा म्हणाले, "जो किया वो बोलेगा. तू मत पूछ." म्हणून त्याने विचारलं नाही. चाळीसवर वर्षं नाही विचारलं.

मी म्हटलं, "तुला राग नाही आला?"

"लहानपणी यायचा. मग विसरलो." त्याने शेवटचा तुकडा बसवला. "पण एक सांगू? अब्बांचा जनाजा उठला त्या रात्री आपण दोघंच ओसरीवर बसलो होतो. तेव्हा मला वाटलं होतं, आता तुम्ही बोलाल. त्यांच्यासाठी तरी. त्या रात्री वाईट वाटलं."

याला उत्तर नव्हतं. मी दिलं नाही. अब्बांनी माझ्यासाठी एक जागा मोकळी ठेवली होती, मी ती त्यांच्या हयातीत भरली नाही, आणि आता ती भरताही येत नाही. मोटर बदलता येते, ती रात्र बदलता येत नाही. मी जे इंजिन दुरुस्त करून नेलं होतं, त्याने माफीचं काम झालं नाही. ते काम शब्दांनीच करायचं होतं, आणि शब्दांचाच तर माझा धंदा.

इंजिनाने दोन्ही डबे ओढले. गोलावर गोल फिरत राहिलं. नातू टाळ्या वाजवत होता. धाकट्याची बायको आतून म्हणाली, "रेडिओ लावून बघा ना, खरखरतो का." त्यांच्याकडे रेडिओ मोबाइलमध्ये. तो खरखरला नाही. काळ तेवढा पुढे गेलाय.

निघताना धाकटा म्हणाला, "इंजिन पोराला राहू दे. मला ती जुनी मोटर द्या." मी औषधाची डबी काढून दिली. त्याने कापूस उलगडला, आर्मेचर उजेडात धरलं आणि तिसऱ्या वेटोळ्यावरून अंगठा फिरवला. वेढ्याला वेढा लागून बसलेली ती तार. मग डबी शर्टाच्या खिशात ठेवली. ड्यूटीवर जाताना तो ती बरोबर नेतो, असं त्याच्या बायकोने मला नंतर फोनवर सांगितलं.

मंडळी, तुमच्याही माळ्यावर एखादा खोका असेल. तो खाली काढा, उघडा, स्क्रू जपून ठेवा. दुरुस्त होईल की नाही, ते नंतर पाहू. पण ज्याला त्यातलं काही सांगायचं राहून गेलंय, तो माणूस ऐकायला आहे तोवर उघडा.